उंब्रियातले वसंतोत्सव: कुठे पैसे वसूल, कुठे नुसती धक्काबुक्की

उंब्रिया हा इटलीचा समुद्र नसलेला प्रांत. रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधोमध पडतो, त्यामुळे सहलीच्या बसेस असिसीला दोन तास थांबतात, बॅसिलिका दाखवतात आणि पुढे निघून जातात. या प्रांताच्या हिरव्या झेंड्यावर तीन उंच खांबांसारख्या आकृत्या आहेत. त्या वर्षातून एकदा माणसांच्या खांद्यावर बसून डोंगर चढतात, हे बसमधल्या कोणाला कळतही नाही. एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत इथल्या गावागावांत जे सण होतात, ते बघायला स्वतंत्र सहल करावी की नाही, आणि केली तर कोणता सण धरावा आणि कोणता सोडावा, एवढाच या परीक्षणाचा विषय.

आधी निकाल. गुब्बिओची ‘चेरी’ शर्यत, म्हणजे लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन धावणं, अव्वल; पण ती सोसायची तयारी हवी. स्पेल्लोचा फुलांचा सण मराठी माणसाला सर्वांत जवळचा वाटेल. मात्र तो दिवसा नव्हे, रात्री बघायचा. असिसीचा कालेंदीमाज्जो, म्हणजे जुन्या पोशाखांचा आणि गाण्यांचा सण, तिकीट असेल तरच. नार्नी वाटेत पडलं तर उतरा.

गुब्बिओ, १५ मे

तारीख पक्की. वार कोणताही असो, १५ मे. गावाचे ग्रामदैवत म्हणावेत असे संत उबाल्दो ११६० साली वारले. त्यांचा दिवस १६ मे, आणि शर्यत त्याच्या आदल्या दिवशी. ‘चेरी’ म्हणजे शब्दशः मेणबत्त्या, पण प्रत्यक्षात ते झेंड्यावरचे लाकडी मनोरे आहेत: एकावर एक बसवलेले दोन अष्टकोनी पेटारे, खाली आडवी बल्ल्यांची चौकट आणि टोकावर संताची मूर्ती. उंची पाचेक मीटर, वजन तीनशे किलोच्या आसपास. एक मनोरा संत उबाल्दोंचा, तो गवंड्यांचा, पिवळे शर्ट. दुसरा संत जॉर्जचा, व्यापारी-कारागिरांचा, निळे शर्ट. तिसरा संत अँथनींचा, शेतकऱ्यांचा, काळे शर्ट. पांढरी पँट, गळ्यात लाल रुमाल आणि कमरेला लाल पट्टा हे तिघांचंही सारखं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचवत डोंगर चढताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच उमजेल. वरचं टोक जड आणि खालची माणसं दमलेली, म्हणजे डुलणार कधी आणि कलंडणार कधी, याकडेच सगळ्यांचे डोळे. फरक एवढाच की सासनकाठी नाचते आणि चेरी धावतात.

शर्यत म्हणतात, पण जिंकणारा कोणी नसतो. क्रम ठरलेला: पुढे उबाल्दो, मग जॉर्ज, मग अँथनी. ओलांडून पुढे जायचं नाही. मग शर्यत कशाची? धाव न थांबवण्याची, मनोरा न पाडण्याची, पुढच्याला न अडवण्याची आणि मागच्याने अंतर पडू न देण्याची. एकच तुकडी सगळं अंतर पळू शकत नाही. खांदेकऱ्यांचे गट रस्त्यात ठरलेल्या जागी उभे असतात आणि धावत्या मनोऱ्याखाली शिरून खांदा बदलतात. थोड्या थोड्या अंतरावर हा बदल होतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच. नवा खांदा अर्धा क्षण उशिरा लागला की मनोरा एका बाजूला झुकतो, आणि वळणावर तर बाहेरच्या बाजूला. म्हणून बघ्यांसाठी पहिला नियम: वळणाच्या बाहेरच्या कडेला उभं राहू नका. आतली बाजू किंवा सरळ रस्ता धरा. फोटो बाहेरून चांगला येतो खरा, पण कलंडणारा मनोराही तिकडेच येतो.

दिवस पहाटे ढोलांनी सुरू होतो. बघण्यासारखे प्रसंग दोन. पहिला सकाळी साडेअकराला, पियात्सा ग्रांदे या चौकातली ‘आल्झाता’, म्हणजे मनोरे उभे करणं. आडव्या ठेवलेल्या चौकटीवर तुकडीचा म्होरक्या चढतो, चिनी मातीच्या रंगीत सुरईतलं पाणी लाकडाच्या सांध्यावर ओततो आणि सुरई गर्दीत भिरकावतो. त्याच क्षणी मनोरा एका झटक्यात उभा होतो. फुटलेल्या सुरईचा तुकडा घरात शुभ मानतात, त्यामुळे त्यासाठी जी झोंबाझोंबी होते ती दहीहंडीखालच्या गोंधळाला लाजवेल. सँडल घालून जाऊ नका. पुढच्या रांगेत बॅग पाठीवर नको, पोटावर हवी.

हा चौक मध्ययुगीन कमानींवर तोललेला आहे, एक बाजू सरळ खोल दरीसारखी. दहा वाजेपर्यंत भरतो, आणि भरला की बाहेर पडता येत नाही. स्वच्छतागृह आधी उरका, पाणी सोबत ठेवा. मोबाईलचं नेटवर्क दुपारपर्यंत मान टाकतं, तेव्हा एकत्र आलेल्यांनी भेटण्याची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून घ्यावी.

दुसरा प्रसंग संध्याकाळी सहाचा, खरी धाव. दुपारभर मनोरे गावात घरोघरी ‘भेटी’ देत फिरतात आणि मग एका गल्लीत विश्रांती घेतात. त्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन हात लावता येतो. ही वेळ फुकट घालवू नका. कोरीव काम, चौकटीवर खांद्यांनी घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, हे सगळं नीट दिसतं तेवढ्याच काळात. सहाला बिशपची मिरवणूक समोर येते, आशीर्वाद होतो आणि ‘विया केक्कोली!’ अशी आरोळी उठते. म्हणजे ‘हटा, हे आलेच!’ ती ऐकू आली की भिंतीला पाठ लावायची, प्रश्न विचारायचे नाहीत.

कुठे उभं राहावं? कोर्सो गारिबाल्दी हा सरळ रस्ता सुरक्षित आहे, पण तिन्ही मनोरे काही सेकंदांत निघून जातात. चौकात तीन प्रदक्षिणा होतात. तिथे सर्वांत जास्त दिसतं, पण त्यासाठी तीन-चार तास उभं राहण्याची तयारी हवी. जाणकार गावाच्या वरच्या वेशीपाशी, चढ सुरू होतो तिथे जागा धरतात. रस्ता अरुंद आणि चढ उभा, वेग मात्र तोच. माणसांच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. तिथून इंजिनो डोंगरावरच्या बॅसिलिकापर्यंत वेडीवाकडी वळणं. वर पोहोचल्यावर उबाल्दोंची माणसं मंदिराचं दार मागच्यांच्या तोंडावर बंद करायला बघतात, आणि ते बंद होण्याआधी आत घुसता आलं की नाही, यावर गावात वर्षभर वाद चालतो. रात्री मनोरे वर राहतात आणि मूर्ती दिव्यांच्या मिरवणुकीने खाली येतात. ही मिरवणूक बघायला फार थोडे पाहुणे थांबतात, आणि दिवसातली सर्वांत शांत गोष्ट तीच.

उणी बाजू सांगायलाच हवी. लहान मुलं, गुडघेदुखी, गर्दीची भीती यांपैकी काहीही असेल तर १५ मे टाळा. पर्याय आहे: २ जूनला गावातली मुलं आपले छोटे चेरी घेऊन हीच धाव काढतात. नियम तेच, आरोळ्या त्याच, गर्दी खूप कमी, आणि हॉटेलं मोकळी. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आमची शिफारस याच दिवसाची.

मेच्या शेवटच्या रविवारी याच चौकात आडव्या धनुष्यांची स्पर्धा होते, पालियो देल्ला बालेस्त्रा. गुब्बिओ विरुद्ध तोस्कानातलं सान्सेपोल्क्रो. बाकावर टेकवलेल्या अवजड धनुष्यातून ३६ मीटरवरच्या लाकडी ठोकळ्यात बाण मारायचे. ठोकळा एकच असल्यामुळे शेवटी शेवटी बाणांचा झुबका होतो आणि मागून येणारा बाण आधीच्यांना ढकलतो. मध्याच्या सर्वांत जवळचा जिंकतो. झेंडे उडवणाऱ्यांचा खेळ धरून दुपार मजेत जाते. पण केवळ यासाठी गावाला येऊ नये.

स्पेल्लो, कॉर्पुस दोमिनीची रात्र

कॉर्पुस दोमिनी (‘प्रभूचा देह’) या ख्रिस्ती सणाला स्पेल्लोच्या गल्ल्यांत फुलांची चित्रं अंथरतात. त्याची तारीख हलती आहे. ईस्टरनंतर ६३ दिवसांनी येणारा रविवार, म्हणजे २४ मे ते २७ जून यांमध्ये कधीही. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणून हा रविवार ३० मे. २०२८ मध्ये थेट १८ जून. विमानाची तिकिटं ‘मे महिन्याचा सण’ असं ऐकून काढली आणि पोहोचल्यावर गल्ल्या कोऱ्या मिळाल्या, ही इथली सर्वांत नेहमीची फसगत. स्वतः दिवस मोजा.

मूळही उंब्रियातलंच. १२६४ साली पोप चौथ्या अर्बननी ओर्विएतोहून हा सण साऱ्या चर्चला लागू केला. ओर्विएतोतही त्याच रविवारी ऐतिहासिक पोशाखांची मोठी मिरवणूक असते. एका दिवसात दोन्ही करण्याचा मोह होतो. करू नका. एकाची सकाळ बुडते आणि दुसऱ्याची रात्र.

आपले लोक छायाचित्रं बघून ‘इटलीतली रांगोळी’ म्हणतात. जवळचा शब्द खरं तर पायघडी आहे. रांगोळी ओलांडायची नसते. ही अंथरायची ती बिशपने हातात पवित्र प्रसाद घेऊन तिच्यावरून चालावं म्हणून. पालखीच्या वाटेवर फुलांच्या पायघड्या घालतात, तसंच. फक्त इथे ती वाट दीड किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिच्यावर साठेक चित्रं असतात. काही लांबट पट्टे, किमान १२ मीटरचे. काही पूर्ण चौक भरणाऱ्या तसबिरी.

नियम कडक: फक्त वनस्पतीचा भाग चालतो. पाकळ्या, पानं, बिया. कृत्रिम रंग नाही, लाकडाचा भुसा नाही. त्यामुळे खरं काम त्या रात्रीचं नसतंच, आधीच्या काही महिन्यांचं असतं. डोंगरउतारावरून फुलं गोळा करायची, पाकळ्या देठापासून वेगळ्या करायच्या, रंगानुसार निवडायच्या, काही वाळवून बारीक करून चाळायच्या. शनिवारच्या आधीचे दोन-तीन दिवस गल्लीच्या तोंडाशी, गॅरेजमध्ये, ओट्यावर आज्या बसून पाकळ्या खुडत असतात; तांदूळ निवडावेत तशा. हे बघायला तिकीट लागत नाही आणि गर्दीही नसते. विचारून शेजारी बसलात तर एक पाटी तुमच्याकडेही सरकवली जाते.

पिवळा रंग डोंगरावरच्या झुडपी जिनेस्त्राचा. हिरवा रानबडीशेपेचा, म्हणून रात्री सगळ्या गावाला बडीशेपेचा वास असतो. लाल पॉपी ताजी असेपर्यंतच लाल. वाळली की काळपट जांभळी पडते, म्हणून ती शेवटी भरतात. निळा सर्वांत दुर्मीळ. एखाद्या चित्रात आभाळ मोठं दिसलं तर त्या गटाने वर्षभर निळी फुलं साठवली, हे समजावं.

पद्धत अशी: शनिवारी दुपारी रस्त्यावर आराखडा काढतात किंवा मोठा कागद चिकटवतात. मग बाह्यरेषा, मग मोठे सपाट भाग, आणि चेहरे सर्वांत शेवटी, बारीक वाळवणाने. शत्रू दोन, वारा आणि पाऊस. त्यासाठी लोखंडी सांगाड्यांवर ताडपत्र्या ताणलेल्या असतात. सकाळी त्या काढतात. मधूनमधून पाण्याचा फवारा मारतात, नाहीतर ताज्या पाकळ्या सुकून आकसतात आणि फटी पडतात. परीक्षक सकाळी आठच्या सुमारास फिरतात. अकराच्या सुमारास मिरवणूक निघते आणि दुपारच्या आत सगळं पायाखाली मिसळून जातं.

म्हणून वेळेचा हिशेब नीट करा. रविवारी दहाला उतरणारे लोक गल्लीत एकेरी रांगेत ढकलले जातात, समोरच्याचं डोकं बघतात आणि ‘ठीक होतं’ म्हणतात. चांगले तास दोनच. शनिवारी रात्री अकरा ते दोन, आणि रविवारी सात ते नऊ. रात्री ताडपत्रीखाली दिव्याच्या उजेडात गुडघ्यांवर वाकलेली माणसं, एकाच्या तोंडात चमचा, दुसरा चाळणी टिचक्या मारून हलवतोय, तिसरी मोज्यांच्या पायांनी फळीवरून सरकत संताच्या डोळ्यात दोन काळ्या बिया ठेवतेय. सकाळी तीच चित्रं पूर्ण आणि निर्मनुष्य दिसतात. दोन्ही पाहिल्याशिवाय या सणाचे पैसे वसूल होत नाहीत.

अडचण राहण्याची. नेहमीच्या वेळापत्रकात मध्यरात्रीनंतर गाडी नाही आणि रविवारी सकाळच्या गाड्या एरवीपेक्षा कमी. गावात खोली मिळाली तर उत्तम. नाहीतर रात्र जागून काढावी; बार उघडे असतात, पण स्वेटर लागतो, जून असला तरी. चाकांची बॅग आणू नका. स्टेशन पायथ्याशी, गाव चढावर, रस्ता दगडी. वेळ उरला तर सांता मारिया माज्जोरे चर्चमधली चित्रकार पिंतुरिक्क्योने १५०१ साली रंगवलेली बाल्योनी कपेला (छोटं प्रार्थनागृह) बघा. गर्दीच्या दिवशीही ती फुलांच्या नादात रिकामी मिळते.

असिसी आणि नार्नी

असिसीचा कालेंदीमाज्जो मेच्या पहिल्या आठवड्यात, बुधवार ते शनिवार. वरचं गाव निळं, खालचं गाव लाल. पोशाख, नाट्यप्रसंग, मिरवणुका आणि गायन यांची चुरस. परीक्षक तीन: इतिहास, नाट्य-चित्रपट आणि संगीत या क्षेत्रांतले. पोशाख खरोखर अप्रतिम. शिलाई, कापड, अगदी पादत्राणंही त्या काळाबरहुकूम. पण मुख्य चौकात बसायला तिकीट लागतं, रात्रीचे प्रसंग गल्ल्यांत मोजक्या प्रेक्षकांसमोर होतात, आणि सगळं इटालियनमध्ये. तिकीट नसलेला माणूस दोरीमागून टोप्या बघतो. एकच संध्याकाळ घ्यायची तर गायकवृंदांची घ्या. तिथे भाषा आडवी येत नाही. रात्री थंडी बोचते, दगडी चौकात बसून अधिकच.

नार्नीची कोर्सा आल्लानेल्लो म्हणजे घोडेस्वाराने भरधाव वेगात भाल्याने लटकती कडी टिपायची. गावाच्या तीन पेठांत चुरस. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. स्पर्धेपेक्षा पेठांच्या तळघरांतल्या खानावळी जास्त लक्षात राहतात. रोमहून येताना स्टेशन वाटेतच आहे, पण ते खाली. गाव वर, बसने.

मुक्काम, गाड्या, पोटपूजा

सर्वांत उपयोगी सल्ला एका शब्दात: फोलिन्यो. असिसीत राहू नका. फोलिन्यो हे रोम-आंकोना आणि पेरुजामार्गे तेरोंतोलाकडे जाणाऱ्या मार्गांचं जंक्शन. स्पेल्लो एक स्टेशन दूर, असिसी पंधरा-वीस मिनिटं, आणि रोमची थेट गाडी. दिसायला गाव साधं, म्हणून दरही साधे. गुब्बिओला स्वतःचं स्टेशन नाही. फोस्सातो दी विको या वीसेक किलोमीटरवरच्या स्टेशनवर उतरून बस, किंवा पेरुजाहून सव्वा तासाची बस.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात छापून घ्यायचं. विसरलात तर दंड, परदेशी म्हणून सूट नाही. संपाची तारीख आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी संपातही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ गाड्या ठेवाव्या लागतात, पण सुट्टीच्या दिवशी ही हमी नसते.

व्हिसासाठी शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. मे-जूनसाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, तेव्हा जानेवारीतच कामाला लागा. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

शाकाहारींची उपासमार होत नाही, पण गाफील राहू नये. ‘तोर्ता अल तेस्तो’ (गुब्बिओत तिला ‘क्रेशा’ म्हणतात) ही तव्यावरची जाड पोळी, मधून चिरून पालेभाजी आणि चीज भरून मिळते. सणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर. काही ठिकाणी कणकेत डुकराची चरबी असते, म्हणून ‘सेन्त्सा स्त्रुत्तो’ (चरबीशिवाय) असं विचारा. ‘सेन्त्सा कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर हॅम येऊ शकतं, कारण बरेच जण ते मांसात धरत नाहीत. प्रोशुत्तोही (म्हणजे हे हॅम) नको असं वेगळं सांगायचं. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये प्राणिज विरजण (रेनेट) असतं. इथला पाव अळणी असतो. तो बिघडलेला नाही, तसाच असतो.

२०२७ चा आराखडा मांडायचा तर: गुरुवारी, २७ मे रोजी फोलिन्यो, शुक्रवारी स्पेल्लोच्या गल्ल्यांत पाकळ्या खुडणाऱ्या आज्या, शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ तिथेच. धनुष्यांची स्पर्धा त्याच रविवारी येते, ती सोडून द्या. सोमवार झोपेला. मंगळवारी गुब्बिओ, बुधवारी २ जूनला छोटे चेरी. मात्र २ जून ही राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि बसच्या फलकावर ‘फेरियाले’ (कामाच्या दिवसांच्या) लिहिलेल्या गाड्या त्या दिवशी धावत नाहीत. फक्त ‘फेस्तिवो’ (सुट्टीच्या दिवसांच्या) रांगेतल्या बघा. परतीचं तिकीट मंगळवारीच तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवा, बुधवारी ते दुकान बंद असण्याची शक्यता जास्त.